सासऱ्यांच्या घड्याळातली वेळ

नाव: सौ. अक्षता सिद्धेश परब, वय ३४ वर्षे, धंदा: नोकरी (रक्त तपासणी केंद्रात), राहणार: नाहूर पश्चिम, मुंबई.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती सिद्धेश व सासरे दशरथ, वय ७६, असे राहतो. सासऱ्यांना विसरण्याचा आजार आहे. म्हणून त्यांच्या हातात ठावठिकाणा कळवणारे घड्याळ बांधलेले असते.

दि. १८/११/२०२५ रोजी सकाळी आठच्या सुमारास मी सासऱ्यांना पेज भरवली. ते आतल्या खोलीत पडले. पती रात्रपाळीवरून येऊन थेट झोपले, त्यानंतर मी कामावर गेले. दुपारी पतीचा फोन आला की, बाबा घरात नाहीत.

घड्याळाच्या दुकानदाराने शेवटच्या सिग्नलची नोंद पाठवली. ठिकाण आमच्या इमारतीचे गेट होते. वेळेच्या जागी १७६३४४४४०० असा आकडा होता. पतीने तो एका वेबसाइटवर टाकला, तेव्हा पहाटे ५.४० अशी वेळ आली. पती सर्वांसमक्ष म्हणाले, "पाणी भरताना तूच दार उघडं टाकलंस."

मी म्हटले, "मग आठ वाजता पेज कोणी खाल्ली?"

"कम्प्युटर खोटं बोलतो काय?"

आम्ही पोलीस ठाण्यात कळवले, तेथे माझा जबाब घेतला. पोलिसांनी गेटच्या कॅमेऱ्याचे पहाटेचे चित्रण पाहिले. त्यात सासरे नव्हते. मी भांडुपपर्यंत दोनदा चालत जाऊन आले. घरी मला बसवत नव्हते.

माझी नणंद दिशा अंधेरीत कम्प्युटरचे काम करते. सायंकाळी मी तिला तो आकडा फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "वहिनी, हे १९७० सालापासून मोजलेले सेकंद आहेत. ती साइट लंडनची वेळ दाखवतेय गं. साडेपाच तास मिळव."

मिळवले असता सकाळचे ११.१० झाले. त्या वेळी घरी पती होते.

त्या वेळच्या चित्रणात सासरे एकटे मुलुंडच्या दिशेने जाताना दिसले. पोलिसांसोबत शोध घेता ते मुलुंडला एका बंद दुकानाच्या पायरीवर मिळून आले. पायात चप्पल नव्हती. मला पाहून म्हणाले, "उशीर झालो काय गो?"

पती त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मात्र माझ्या कालच्या जबाबात "माझ्या निष्काळजीपणामुळे" असे शब्द आहेत. ते माझे नाहीत. पती शेजारी बसून सांगत होते, मी सही केली. ते शब्द खोडावेत.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. आज मी एकटीच आले आहे.