थांब म्हणणाऱ्या पेशी

सोनोग्राफीच्या रांगेत गरोदर लेक आणि तिचे म्हातारे वडील माझ्या शेजारीच बसले होते.

“बाबा, बाळाच्या मेंदूत आता बाकीच्या पेशींना ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशी जन्मत असतील. खोल अंधारात जन्मतात नि चालत चालत लांब जातात.”

“सगळ्या सारख्याच?”

“छे. कुणी दरडावून थांबवते, कुणी हळूच कानात सांगते.”

“आणि तुझ्या थोरलीच्या?”

“तिच्या कमी पडल्या. म्हणून तर फिट्स येतात.”

“आज या बाळाच्या दिसतील?”

“यात नाही दिसत, बाबा.”

“सिग्नलच्या केबिनमध्ये चाळीस वर्षं काढली, पोरी. शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पोचली असं कधी लिहिलं नाही.”

“या पेशींचा शेवटचा डबा जन्मानंतरही वाटेतच असतो.”

“असू दे. मी आहे उभा.”