बाप्तिस्म्याची फाइल

(उत्तर जर्मनीतल्या एका लहान शहराचा नगरपालिका दप्तरखाना. सप्टेंबर २००४. दिवंगत महापौरांची मुलगी, निवृत्त शिक्षिका इर्महिल्ड. आणि दप्तरखान्याचा प्रमुख डेटलेफ, तिचा जुना विद्यार्थी.)

इर्महिल्ड : करार तूच केलास, डेटलेफ. कलम सात वाच. मोठ्यानं.

डेटलेफ : पाठ आहे, बाई. ‘निव्वळ कौटुंबिक कागद कुटुंबाला केव्हाही परत नेता येतील.’

इर्महिल्ड : आणि या फाइलवर बाबांनी काय लिहिलंय?

डेटलेफ : ‘इर्महिल्डचा बाप्तिस्मा.’

इर्महिल्ड : याहून कौटुंबिक काय असतं रे? दे इकडे.

डेटलेफ : दप्तरखान्याला देण्याआधी एकदा वाचायचं होतं, बाई.

इर्महिल्ड : त्यांचं ते जुन्या वळणाचं अक्षर मला कुठलं लागायला! मी शाळेत गेले तोवर ती लिपी बंद झाली होती. वाटलं, पाहुण्यांची यादी असेल. अकरा खोकी रिबिनीसकट आणून दिली तुला. पेपरात फोटो आला आपला.

डेटलेफ : आला ना. माझ्या आईनं कापून ठेवलाय.

इर्महिल्ड : काल तू फोनवर ते वाचलंस, तेव्हापासून अन्नाचा घास गेला नाही. आता पुन्हा वाचू नकोस.

डेटलेफ : वाचणार. घरी नेऊन चुलीत घालणारच आहात, तर ऐकून न्या. ‘ज्यूंना हलवण्याचं काम शुक्रवारऐवजी मंगळवारी उरकावं, ही विनंती. रविवारी मुलीचा बाप्तिस्मा आहे, म्हणजे मला वेळेत घरी पोचता येईल.’ खाली पोलीस प्रमुखाचा शेरा. ‘मंजूर. घरच्यांना शुभेच्छा.’

इर्महिल्ड : ते अधिकारी होते. युद्धात पोलंडमध्ये होते. हुकूम वरून यायचे.

डेटलेफ : हुकूम वरून आला असेल. मंगळवार वरून आला नाही. मंगळवार तुमच्या वडिलांनी मागून घेतला.

इर्महिल्ड : तीन दिवसांनी काय फरक पडणार होता? मेलेच असते सगळे!

डेटलेफ : बघा, काय बोललात. आता हे दुसरं पत्र बघा. इस्राएलमधल्या हायफाहून आलंय. फ्रूमा शेख्टर. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. जर्मनीतल्या प्रत्येक दप्तरखान्याला लिहीत असते. आमच्याकडे चार आलीत.

इर्महिल्ड : पैसे मागते?

डेटलेफ : एक प्रश्न विचारते. मंगळवार का? तिचं गाव पोलंडमध्ये, तुमच्या वडिलांच्याच हद्दीत. तिच्या घरच्यांना पळवून रानात नेणारा वाटाड्या बुधवारी रात्री यायचा होता. शुक्रवारची कुणकुण गावाला लागली होती. फ्रूमा सोमवारी बटाटे आणायला शेजारच्या गावी गेली आणि तिथंच राहिली. मंगळवारी तिची आई, दोन भाऊ आणि गावातली अकराशे माणसं गाडीत कोंबली. बुधवारी दुपारपर्यंत सगळ्यांचा धूर झाला होता. बासष्ट वर्षं म्हातारी त्या एका वारावर अडकून पडलीय. मी चारही वेळा लिहिलं, ‘माहिती उपलब्ध नाही.’

इर्महिल्ड : तुला पुळका आलाय. बाबांनी या गावाला शाळा दिली, पाणी दिलं. पोहायचा तलाव कुणी बांधला?

डेटलेफ : त्याच तलावात पोहायला शिकलो मी. म्हणून तर थुंकावंसं वाटतं, आणि थुंकताही येत नाही.

इर्महिल्ड : तिसरीतही असाच उद्धट होतास.

डेटलेफ : तिसरीत तुम्हीच शिकवलंत, बाई, की खोटं बोलणाऱ्यानं बाकावर उभं राहायचं.

इर्महिल्ड : आई दर वाढदिवसाला सांगायची. ‘तुझा बाप लढाईतून आला गं तुझ्यासाठी. दोन रात्री गाडीत उभं राहून.’ भावांच्या वेळी आले नव्हते. फक्त माझ्या. साठ वर्षं मी त्यावर जगले, डेटलेफ. नवरा सोडून गेला तेव्हासुद्धा मनाशी म्हणाले, जाऊ दे, माझ्यासाठी कुणीतरी दोन रात्री उभं राहिलं होतं. आता ते उभे राहिलेले दिसले, की शेजारच्या रुळावरची गाडीपण दिसते.

डेटलेफ : हा परतीचा अर्ज. कायदा तुमच्या बाजूनं आहे. सही केलीत की कागद तुमचा. नक्कल मी काढलेली नाही. काढणार होतो, हात लावला नाही.

इर्महिल्ड : का?

डेटलेफ : चोरून दिलेलं उत्तर तिला कशाला?

इर्महिल्ड : पेन दे.

डेटलेफ : घ्या.

इर्महिल्ड : ‘कारण’ म्हणून रकाना आहे इथं.

डेटलेफ : भरावा लागतो.

इर्महिल्ड : ‘कौटुंबिक’ लिहिलं की झालं?

डेटलेफ : झालं.

इर्महिल्ड : ...त्या बाईला जर्मन वाचता येतं?

डेटलेफ : येतं. पण हे जुनं अक्षर नाही लागायचं.

इर्महिल्ड : मग टाइप करून पाठव. शेऱ्यासकट. हा अर्ज फाड.

डेटलेफ : बाई...

इर्महिल्ड : आणि खाली माझं नाव घाल. पूर्ण. त्यांनी पत्रात नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय.