अबॅकसात मणी कमी आहेत

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही गप्प बसा. का बसू? तुम्हाला सांगतो, मुलानं नातीला क्लाससाठी अबॅकस आणला, तारेवर मणी किती, तर वर एक, खाली चार. झाले. आमच्या शाळेत चौकटीच्या तारेवर दहा असायचे. बोटं दहा, मणी दहा, पोरानं एकेक सरकवायचा. इथं अर्धे दुकानदारानंच खाल्ले. गेलो तडक दुकानात. म्हटलं, मणी कमी आहेत.

तो म्हणतो, "आजोबा, वरचा एकटा पाचाचा असतो." का, तो सोन्याचा आहे? मग त्यानं दुसरा काढला, वर दोन, खाली पाच. म्हटलं, हा जरा प्रामाणिक दिसतो. तर म्हणे, "हा जुना, क्लासात चालत नाही." जास्त चालत नाहीत, कमी चालतात... बोला आता.

त्यात आमची ठमी, म्हणजे नात, बेरजेला घाबरणारी. संध्याकाळी क्लासात परीक्षा, चुकली की परत दुधाच्या दातांच्या पोरांत. आणि मणी कमी. अडणार नाही तर काय करेल पोर? दुपारी घरात कुणी नाहीसं बघून मी चौकट उचकटली, सुनेची जुनी माळ तोडली, जागा दिसेल तिथं मणी घुसवून एकेका तारेवर दहा पुरे केले, खिळे ठोकले, गुपचूप दप्तरात ठेवली.

क्लासात मी मागच्या बाकावर. बाई म्हणाल्या, "मांडा." ठमीनं मणी ढकलला. हलेना. दुसरा ढकलला, तोही हलेना. हलेल कसा, सरकायला जागा कुठं ठेवली होती मी? मणी सरकायला मोकळी तार लागते, हे कुणी सांगायचं मला? पोरीनं मागं वळून बघितलं. आता रडते म्हणून मी रुमाल काढला... तर तिनं चौकट बाजूला सारली, डोळे मिटले आणि हवेत बोटं चालवायला लागली. बाई भराभरा आकडे वाचतायत, मला पहिला कळेस्तोवर पुढचे निघून गेले, आणि हिची बोटं नुसती टुकटुक, टुकटुक. समोर काही नाही हो, रिकामं बाक! बाईंचं तोंड मिटायच्या आत उत्तर. बरोबर. पुन्हा. तेही बरोबर. रुमाल हातातच राहिला माझ्या. अंगावर काटा आला, अजून येतो, हे बघा.

वाटेत विचारलं, "डोळे मिटून काय बघत होतीस गं?"

"अबॅकस."

"कुठला?"

"आपलाच. तुम्ही बिघडवायच्या आधीचा."

"अगं, पण त्यात मणी कमी होते."

"म्हणून तर डोक्यात मावतो, आजोबा. तुमचे दहा-दहा कोण सांभाळत बसेल?"

तेव्हापासून दुपारी मीही पलंगावर डोळे मिटून बोटं हलवून बघतो. वर एक, खाली चार. चार कसले, एक दिसेल तर शपथ... काल सून दारात येऊन उभी. "बाबा, काय होतंय? कुणाला बोलावू का?"

म्हटलं, काही नाही गं. मणी कमी आहेत.