नव्वदचं मॉडेल आणि मुकी गाडी

मंडळी, आज एकच प्रश्न पुढं ठेवतो — नवं दारात आलं, की आपलं नेमकं जातं काय? घाईनं उत्तर देऊ नका! आधी ऐका.

गाडीचं बघा. एकतीस डिसेंबरला कारखान्यातून बाहेर पडली — जुनं मॉडेल! एक जानेवारीला पडली — नवं मॉडेल! म्हणजे एका रात्रीत बिचारी वर्षानं म्हातारी! अजून नंबर नाही, हळदकुंकू नाही, सीटवरचा प्लास्टिकचा कागद निघाला नाही — आणि म्हातारी! हसताय? मुलगी बघायला जाता तेव्हा तुम्ही तरी दुसरं काय विचारता? "कितीचा जन्म?" — मॉडेलच की ते! अहो टाळकरी, तुम्हीच का गप्प झालात?

आणि हल्ली पारावर नवा वाद. पेट्रोल राहणार का विजेची गाडी येणार? मी सांगतो — येणार! अहो, बैलगाडी गेली, कंदील गेला, पेट्रोल काय अमरपट्टा बांधून आलंय? आणि उद्या वीजही जुनी होईल, तेव्हा तिच्यासाठीही रडणारे निघतील! तो वाद सोडा. आपलं काय जातं, ते बघू.

घाटाच्या पायथ्याला वाघोशी नावाचं गाव. तिथले रंगराव थोरवत. त्यांची पेट्रोलवरची जीप, नव्वदचं मॉडेल. अख्खं गाव त्या जीपला 'नव्वद'च म्हणायचं! बाजाराला जायचं, नव्वद. दवाखान्याला जायचं, नव्वद. नवरी आणायची, नव्वद! आणि आवाज? घाटाच्या माथ्यावर गाडी आली, की खाली वाघोशीत बाया चुलीवर चहा ठेवायच्या — "आली गं नव्वद!"

रंगरावांना त्या आवाजाचा भारी अभिमान. छाती पुढं काढून म्हणायचे, "ह्या घाटातली वळणं मी ह्या दोन हातांनी सांभाळलीत. एकाला खरचटू दिलं नाही!" आणि खोटं नव्हतं हो. खरंच खरचटलं नव्हतं. एकदा तर उतारावर ब्रेक गेला, तर पठ्ठ्यानं गिअर पाडत, डोंगराला घासत गाडी उभी केली! ती गोष्ट गावानं इतक्या वेळा ऐकली होती, की तोंडपाठ.

त्यांची लेक वैजयंता. बापाच्याच मांडीवर बसून स्टिअरिंग धरायला शिकलेली. तिनं ठरवलं, आबांनंतर घाटाची खेप मी चालवणार. आणि एक दिवस दारात आणली — विजेची गाडी! ह्याच सालचं मॉडेल!

पूजा झाली. चाकाखाली लिंबू ठेवलं. पहिला मान आबांचा! रंगराव ऐटीत बसले. वैजूनं बटण दाबलं, गिअर टाकून दिला. म्हणाली, "आबा, हळूच पुढं घ्या."

रंगरावांनी कान दिला. आवाज नाही. "अगं, चालू कर की!"

"चालूच हाय, आबा!"

"चालू हाय? मग आवाज कुठं गेला?" असं म्हणून जुन्या सवयीनं दिली की हो रेस! पेट्रोलच्या गाडीला देतात तशी — घुर्र! ही कसली घुर्र करते? ही निघाली! लिंबू फुटलं, रांगोळी पुसली, आणि पुढं ठेवलेल्या शिऱ्याच्या पातेल्यावर चाक! पोरं ओरडली, "प्रसाद गाडीनंच खाल्ला!"

हशा पिकला, मंडळी. पण रंगराव हसले नाहीत. खाली उतरले. चेहरा लाल. म्हणाले, "मुकी गाडी! जिला आवाज नाही, तिचा भरवसा काय? दिवाळीच्या आत परत कर. नाहीतर घाटाची खेप तुला मिळायची नाही. माझ्या जित्तेपणी तर नाहीच!"

पोरीची पंचाईत झाली. बापाच्या शब्दापुढं जाणार कशी? आणि गाडी परत केली, तर पुढं करणार काय? सांगा!

आता योग कसा असतो बघा. घाटापलीकडं रंगरावांच्या बहिणीकडं साखरपुडा, आणि नेमकी नव्वद गॅरेजात! मामा म्हणून जायलाच हवं. शेवटी मुकाट्यानं मुक्या गाडीत बसले. वैजू चालवतेय, शेजारी आबा फुगून, मागं त्यांची बायको अनसूयाबाई.

घाट सुरू झाला. आवाज नाही. खिडकीबाहेर पाखरं ऐकू येतायत! पहिलं वळण आलं, आणि मागून बारीक आवाज — "सांभाळ रे देवा." दुसरं वळण — "सांभाळ रे देवा." तिसरं — तेच!

रंगराव वळून म्हणाले, "काय गं, पोरीवर विश्वास न्हाई व्हय?"

"हाय की! सवय हो ती. नव्वदीतबी प्रत्येक वळणाला म्हणतेच की मी."

"नव्वदीत? मला तर कधी ऐकू आलं न्हाई!"

अनसूयाबाई पदर सावरत हसल्या. "तुमच्या इंजिनात माझं काय ऐकू येतंय!"

मंडळी! रंगराव पुन्हा समोर तोंड करून बसले. पुढं ते वळण आलं, ब्रेक गेला होता ते. मागून पुन्हा — "सांभाळ रे देवा." रंगरावांनी हळूच विचारलं, "त्या दिवशीबी... म्हणाली हुतीस?"

"म्हणाले असंन. गाडी तुमीच थांबवली हो. मी नुसतं म्हणत हुते."

बघा, काय बाई! श्रेय मागितलं? नाही! चमत्कार झाला म्हणाली? नाही! जन्मभर नुसतं म्हणत राहिली. आणि हा गडी जन्मभर समजत होता, गाडीत आपण एकटेच जागे आहोत!

रंगरावांचे डोळे भरले. माथ्यावर गाडी थांबवायला लावली, उतरले, आणि मागच्या सीटवर बायकोशेजारी जाऊन बसले. म्हणाले, "वैजे, गाडी परत करू नगंस. नव्वदीचा भोंगा काढून हिला बसव. खाली बायांना चहा ठेवायचं कळाय पायजे. आन् चल आता, सावकाश. मला तुझ्या आईचं ऐकू दे."

काय गेलं हो रंगरावांचं? घाट गेला? नाव गेलं? लेक गेली? नुसता आवाज गेला! आणि त्याखाली इतकी वर्षं काय दडलं होतं, ते हाताला लागलं!

आता तुमच्याकडं वळतो. तुमचीही एकेक नव्वद आहे, ठाऊक आहे मला! 'मी केलं, मी जमवलं, मी सांभाळलं' — काय ती घरघर! अहो, त्या घरघरीत तुमच्या नावानं कोण काय पुटपुटतंय, कधी ऐकलंत?

टाळ थांबवा. मृदंगावर हात ठेवा. माऊली, पेटीही राहू द्या. सगळे गप्प बसा, आणि जो तो आपल्या घरच्या माणसाकडं कान द्या.

... आलं का ऐकू?