नऊ नॉटनं लग्नाला

...नऊ! अहो, नऊ नॉट! तुम्हाला सांगतो, चौदानं पळणारं माझं जहाज, आणि ते नवं यंत्र म्हणतं नऊनं चला! म्हणजे साधारण सायकलचा वेग. तीस वर्षं कॅप्टन म्हणून काय सायकली चालवल्या मी?

आणि तेही कधी? तर शनिवारी अकराला माझ्या एकुलत्या एका मुलीचं रजिस्टर लग्न असताना! तिचा पहिला दात हुकला, शाळेतलं बक्षीस हुकलं, पदवी हुकली, घरातल्या एकाही फोटोत मी नाही... आमच्या हिनं फोनवर एवढंच सांगितलं, "या वेळी नाही आलात ना, तर येऊच नका." आता सांगा, पळवू नको जहाज?

आमची जुनी रीत साधी होती हो. जीव खाऊन धावायचं, बंदराच्या तोंडाशी नांगर टाकायचा आणि दोन-दोन दिवस धूर सोडत रांगेत बसायचं. मग धावायचं कशाला? सगळे धावतात म्हणून! आता म्हणे सगळ्या जहाजांचे मार्ग किनाऱ्यावरच्या ऑफिसात दिसतात, आणि तिथल्या बाई प्रत्येकाला धक्क्याची वेळ ठरवून देतात. मी हळूच वेग वाढवला, तेरा. लगेच रेडिओवर गोड आवाज, "कॅप्टन, तेरा झाले की... स्क्रीनवर दिसतंय!"

म्हटलं, "बाई, मुलीचं लग्न आहे हो!"

"अय्या, अभिनंदन सर! शनिवारी सकाळी नऊची धक्क्याची वेळ तुमचीच आहे. निवांत या."

माझा चीफ ऑफिसर पुटपुटला, "सर, ऐकूया का त्यांचं?" म्हटलं, "तू गप्प बस, तुला मुलगी नाही." आणि ठेवले तेरा!

सामुद्रधुनीत शिरलो आणि असलं धुकं... माझ्याच जहाजाचं नाक मला दिसेना! रेडिओवरचा गोडवा खलास. "कॅप्टन, उजवीकडून फेरीबोट येतेय. दोनशे माणसं आहेत. वेग उतरवा, आत्ता!"

"कुठाय फेरी?"

"स्क्रीनवर दिसतंय!" बाई आणि चीफ ऑफिसर एकदम ओरडले.

वेग उतरवला, तिच्या मागून जायला जहाज उजवीकडे वळवलं... आणि ती दिसली नाहीच हो, ऐकू आली. इंजिनाची धडधड, आणि कुणाचं तरी तान्हं टाहो फोडत होतं. आमच्या नाकासमोरून गेलं ते रडणं. घाबरलो. खरंच घाबरलो. त्या पोराचाही कुणी बाप घरी वाट बघत असेल की नाही?

मग काय, नऊ! मुकाट्यानं. बाईंनी विचारलं, "ठीक आहात ना, सर?" म्हटलं, "का? स्क्रीनवर दिसत नाही?" म्हणाल्या, "तेवढं नाही दिसत, सर."

सकाळी बंदराशी पोचलो तर रांग नाही, धूर नाही, एक जहाज नांगरावर नाही! मला वाटलं, चुकीच्या बंदरात आलो! नऊला धक्क्याला लागलो, बदली कॅप्टनच्या हाती जहाज दिलं, टॅक्सी पकडली आणि पावणेअकराला रजिस्ट्रारच्या कचेरीत हजर! मुलगी "बाबा!" करून गळ्यातच पडली, मी रडलो, जावई रडला, फोटोत तर मी अगदी मधोमध! वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलणार. हिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "म्हणजे वेळेवर येता येतं तर!"

इतकी वर्षं सगळं समुद्राच्या नावावर खपवत होतो हो... आता बसायचं उरलेला जन्म उत्तरं देत!