सोवळ्यातला संगणक

मंडळी, आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या! घरात नवं माणूस आलं. त्याची भाषा वेगळी, रीत वेगळी, आवड वेगळी. आता बदलायचं कुणी? आलेल्या माणसानं — की घरानं?

थांबा, घाईनं माना डोलवू नका! मागच्या रांगेतल्या सासूबाई, तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. शेजारी बसलेल्या सूनबाईंचंही ठाऊक आहे. त्या बोलत नाहीत, इतकंच!

तर ऐका. आज राजाची गोष्ट नाही, राक्षसाची नाही. आज आख्यान संगणकाचं! मघाशी आमचे तबलजी घाबरून म्हणाले, "ताई, याला ठेका कुठला धरू?" म्हटलं, धुमाळी धरा आणि गप्प बसा. संगणकाच्या आत माणूसच असतो शेवटी.

इचलकरंजीत हेरंबराव म्हणून एक गृहस्थ. पॉलिटेक्निकात संगणक शिकवायचे. सज्जन माणूस, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण एक सोवळं मात्र कडक! कसलं? लिनक्सचं!

आता लिनक्स म्हणजे काय, आजी विचारतायत. सांगते. संगणकाचा कारभार बघणारं एक कोणी आत असतं. बहुतेकांच्या संगणकात ते विंडोज. आणि हे दुसरं, लिनक्स — जगभरच्या माणसांनी मिळून केलेलं, सगळ्यांना खुलं, आपल्या या देवळासारखं. चांगलीच गोष्ट! पण चांगल्या गोष्टीचंही सोवळं झालं ना, की माणूस विटाळ शोधत फिरतो. हेरंबरावांचा भाचा सुट्टीत विंडोजचा लॅपटॉप घेऊन आला, तर म्हणाले, "तो बाहेर सोप्यात ठेव. आत आणायचा नाही!"

अशा घरात सून आली केतकी. मिरजेची. आता रुखवतात काय मांडतात, बायकांनो? लोकरीचं तोरण, सुपारीचे भटजी, साखरेचं तुळशीवृंदावन. बरोबर? केतकीच्या रुखवतात या सगळ्याच्या मधोमध — एक चषक! आणि शेजारी खेळांच्या सीड्यांचा डबा! कॉलेजात मोटारींच्या शर्यतीच्या खेळात पोरगी पहिली आली होती, सगळ्या मुलांना मागे टाकून. वरपक्षाच्या बायका पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसल्या. "अगं बाई! ही पोळ्या लाटणार, की गाड्या पळवणार?"

नव्याची नवलाई होती तेव्हा केतकी एकदा डबा घेऊन आली. म्हणाली, "अहो, हा लावू या? दोघांनी खेळायचा आहे. एकाच कीबोर्डवर, तुम्ही डावीकडून, मी उजवीकडून."

हेरंबरावांनी डबा उलटा करून बघितला. "हा विंडोजचा खेळ. आपल्या घरात नाही चालायचा."

झालं! पोरगी भांडली नाही. डबा आणि चषक तिनं पत्र्याच्या ट्रंकेत घातले, ट्रंक माळ्यावर टाकली. हेरंबरावांना वाटलं, विषय संपला. अहो, घरातले विषय असे संपत नसतात. ते माळ्यावर जातात!

वर्षं गेली. संसार चोख. डबा वेळेवर, देवपूजा वेळेवर. केतकी हसायची, पण पाहुण्यांपुरती. हेरंबरावांना त्यात काही कमी वाटलं नाही. रोज दिसतं ते कुठं दिसतं आपल्याला?

आणि एका संध्याकाळी हेरंबराव घरी आले, चपला काढता काढता थबकले. आतून हसण्याचा आवाज! मोकळा, खळाळता, थांबता न थांबणारा. त्यांना वाटलं, शेजारचं कुणी आलंय. बायकोचं हसू नवऱ्याला ओळखू आलं नाही हो! यापरतं दुर्दैव काय?

आत बघतात तर काय! केतकीचा धाकटा भाऊ कौस्तुभ मिरजेहून आलेला. केतकीच्या हातात पाटीएवढं एक यंत्र, दोन्ही बाजूंना बटणं. तो हातात धरायचा संगणकच होता, खास खेळासाठीचा. त्यावर कौस्तुभनं भरून आणलेली तिची ती जुनी शर्यत! आणि हेरंबरावांच्या आई, माई, सुनेच्या खांद्यावरून वाकून ओरडतायत, "अगं डावीकडे घे, डावीकडे! मेला आडवा येतोय बघ!"

हेरंबरावांचा पारा चढला. "माझ्या घरात विंडोजचा खेळ?"

कौस्तुभ उठला. "दाजी, अहो, हे विंडोज नाहीच आहे, हे तर—"

"मला शिकवू नका! मी संगणक शिकवतो!"

बघा! उत्तर दारात उभं होतं आणि पंडितानं दार आपटलं. आपणही आपटतो, लाजू नका.

केतकीनं यंत्र टेबलावर ठेवलं. अगदी हळू म्हणाली, "माझ्या घरात म्हणालात. कुणाचं घर ते आज कळलं, बरं झालं." बॅग भरली आणि भावाबरोबर मिरजेला गेली. परत कधी येणार, ते सांगितलं नाही.

माई देवघरात जाता जाता म्हणाल्या, "हसत होती रे ती. तेवढंही तुला सोसवलं नाही?"

दुसऱ्या दिवशी घर खायला उठलं. यंत्र टेबलावरच राहिलेलं. हेरंबराव म्हणाले, बघू तरी, काय विटाळ आणलाय घरात! पुरावा शोधायला बसले हो! बटणं दाबत दाबत आत शिरले, खोल गेले आणि सुन्न झाले. आत कोण असावं? लिनक्स! ज्याचं सोवळं पाळत आयुष्य घातलं, तोच आत बसलेला आणि विंडोजचा खेळ मांडीवर घेऊन खेळवत होता!

कसं शक्य आहे? अहो, मध्ये एक दुभाषा! खेळ आपल्या विंडोजच्या भाषेत म्हणतो, "अहो, जरा रस्ता दाखवा, आवाज काढा." दुभाषा तेच लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो. खेळाला कळतही नाही, आपण परक्या घरी आलोय म्हणून! हेरंबरावांच्या हे कानावर आलं नव्हतं का? आलं होतं. पण सोवळ्यातल्या माणसानं तिकडे बघायचंच नसतं ना!

आता सगळेच खेळ असे चालतात, असं नाही हं. काही खेळांच्या दारात असा पहारेकरी बसवलेला असतो, की लिनक्सवाला दिसला की हाकलतो. काही घरंही तशीच असतात. नावं घेत नाही, सगळे समोरच बसलेत.

हेरंबरावांनी शिडी लावली. ट्रंक खाली काढली. चषक काळा पडलेला. आपल्या जुन्या संगणकात तसाच दुभाषा बसवला, सीडी घातली. पडदा काळा! पुन्हा खटपट केली. आवाज आला, चित्र नाही! मग अनोळखी लोकांनी लिहून ठेवलेलं वाचायला बसले. कुणी ब्राझीलचा, कुणी पोलंडचा. "या खेळाला दुभाषा जरा जुना लावा, बाबांनो, मग ऐकतो." लावला. आणि पडद्यावर लाल मोटार येऊन उभी राहिली.

मंडळी, हेरंबराव रडले. खरंच रडले. म्हणाले, "ज्यांनी केतकीला पाहिलंही नाही, त्यांनी तिच्या खेळाला घरात जागा करून दिली. आणि मी तिचा नवरा! मला एवढं साधलं नाही?"

मग निघाली वरात! रिक्षात संगणक, पडदा, कीबोर्ड, मांडीवर पत्र्याची ट्रंक. मिरजेत सासुरवाडीच्या दारात जावई उभे. केतकीनं दार उघडलं. "हे काय?"

"तुझं रुखवत," हेरंबराव म्हणाले. "आपल्या घरात मांडायचंच राहिलं होतं."

तिनं ट्रंक उघडली. चषक चिंचेनं घासून लख्ख केलेला. मग संगणकाकडे बघून म्हणाली, "चालतो?"

"चालतो. पण अडचण आहे. दोघांचा खेळ आहे आणि मला येत नाही. शिकवशील?"

तबलजी, थांबा जरा. इथं ठेका नको.

केतकीनं डोळे पुसले, खुर्ची ओढली. "सरका तिकडे. उजवी बाजू माझी!"

आणि हेरंबरावांची मोटार पहिल्याच वळणावर भिंतीला धडकली, उलटी झाली, चाकं वर! कौस्तुभ ओरडला, "दाजी, गेलात!" आणि केतकी हसली. तेच हसू. या वेळी नवऱ्याला ओळखू आलं.

बदलायचं कुणी, विचारलं होतं ना मी? देवाला कधी म्हणताना ऐकलंत, आधी माझी भाषा शीक, मग हाक मार? बोबड्याची हाकही त्याला समजते. आणि आपण? आपण साध्या माणसाच्या आवडीला म्हणतो, आमच्याकडे चालत नाही!

नारायणा, आमच्या घरांना तेवढी दुभाष्याची बुद्धी दे, दुसरं काही मागत नाही.

आता आरती होईल. प्रसाद घ्या, पण आज रेंगाळू नका. घरी जाऊन माळ्याकडे बघा. कुणाची ट्रंक आहे वर? बायकोचे घुंगरू? आईची सतार? काका, हसताय काय, मुलाच्या रंगाच्या पेट्या तुम्हीच टाकल्यात ना वर? शिडी नसेल तर शेजाऱ्याची मागून आणा. पण ती ट्रंक उद्या सकाळी खाली दिसली पाहिजे!