उस्तादाची ओंजळ

बाळांनो, कौतिकाबाई दर उन्हाळ्यात आपल्याकडे डाळी निवडायला येतात. लहानपणी तुम्ही त्यांच्या सुपाशेजारी बसलेला आहात. या वर्षी निवडता निवडता त्यांनी जे सांगितलं, ते मी तुमच्यासाठी उतरवून ठेवते आहे. बोलणं त्यांचं आहे. फार लांब गेलेली वाक्यं तेवढी मी तोडली, तीही सगळी नाहीत.

माझं माहेर हट्ट्याचं. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, माय बी राबायची, आमी दोघंच भावंडं, मी आन माझा भाऊ किसन. तो माझ्या पाठचा, त्याला मीच कडेवर वागवला, चालाय लागला तरी उतरायचा न्हाई. मला दिलं आखाडा बाळापूरला. मालक बाजारात हमाली करायचे, सरकीची पोती, ज्वारीची पोती, दोन माणसांचं वझं एकटे उचलायचे. ग्यानबा हमाल म्हणत त्यांना. बघा, घेतलं नाव. जितेपणी कधी घेतलं न्हाई, नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. आता कशाचं कमी व्हायचं.

तर हिंगोलीला दसऱ्याची जत्रा भरायची, अजून बी भरते, तुमाला काय सांगायचं. त्या साली हैदराबादचा एक पहिलवान आला होता. नाव मी सांगत न्हाई, त्याची लेकरं कुठंतरी असतील. लोक नुसतं उस्ताद म्हणायचे. काय सांगू तुम्हाला बाई, निजामाच्या राज्यात शेंबड्या पोराला सुदा त्याचं नाव ठाऊक. बैलगाड्या जुंपून दूरदूरची माणसं आलेली, मी आपली बायांच्या बाजूला गाडीवर उभी राहून बघत होते. सगळ्या कुस्त्या झाल्या, तो सगळ्यांना चीत करून बसला, आन मग हात वर करून आखाड्यात फिरला, आहे का कोणी. कोणीच उठंना. आमच्या गावच्या चार टवाळांनी मालकांना ढकललं, जा रे ग्यानबा, पोती उचलतोस ना, हे बी एक पोतंच आहे म्हण. ते गेले. मी तर डोळेच झाकले, मग बोटांच्या फटीतून बघितलं.

उस्तादानं खाली वाकून माती घेतली, मालकांच्या दंडाला लावली, बराबरीच्या गड्याला लावतात तशी. मनात आणलं असतं तर हात लावताच पाडलं असतं, पण त्यानं थोडा वेळ धरू दिलं, ढकलू दिलं, गरिबाची लाज राखली, आन मग पाडलं. खांदा निखळला. त्यानंच तिथं मातीत बसून खांदा चढवला आन म्हणाला, ताकत है बेटे, उस्ताद नै मिला.

दुसऱ्या दिवशी खांदा बघायला आमी उतरलो होतो तिथं, धर्मशाळेत आला. एवढा नावाचा माणूस, हमालाचा खांदा बघायला. मी ताक केलं होतं. आमच्यात मुसलमानाला भांडं देत नव्हते, आता सांगायला लाज वाटते, पण तवा तसंच होतं. त्यानं काही वाईट मानलं न्हाई, खाली बसला आन आपणच ओंजळ पुढं केली. मी वरून ताक ओतलं. त्याची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, बाहेर निघालेली, ओंजळ जुळायचीच न्हाई, तिथून ताक गळून राहिलं. मी वतती आन ते गळतंय. तो हसला, म्हणाला, बहन, सारा दख्खन मेरा सुनता, ये एक उंगली नै सुनती.

तवापासून बघा, मालकांचा जन्मच बदलला. पाठीवर पोतं असलं तरी थांबून सांगणार, मी उस्तादासंग खेळलो. लोक मुद्दाम विचारायचे, किती वेळ टिकलास रे ग्यानबा. ते म्हणायचे, तू तमाखू मळशील तेवढा. अरे पण तू तर हारलास ना. हारलो, पण कोणाच्या हातून ते बघ, तुला तुझी बायको पाडती, त्याची गोष्ट कोण ऐकंल. सगळे हसायचे. परगावचा व्यापारी आला की आमच्या गावची माणसं आपण होऊन दाखवायची, हा उस्तादाच्या हातचा पडलेला माणूस. मालक म्हणायचे, डोळे बांधा, हजार हातांत त्याचा हात वळखीन. आन शेवटाला माझ्याकडं बोट, हिनं ताक पाजलंय त्याला, विचारा. मी लाजून आत जायची, पण खोटं काहून बोलू, मला बी बरं वाटायचं.

मग ते वाईट दिवस आले. निजामाच्या नावानं खाकी घालून टोळ्या फिरायच्या, त्यांचं नाव घ्यायला अजून जीभ वळत न्हाई. गावं जाळायचे, धान्य न्यायचे. हट्ट्याकडं गेले तवा किसन रानात होता, माळवं खुडत होता, पळाला न्हाई, मी काय केलंय म्हणाला असंल, तसाच भोळा होता. बापानं बाजेवर घालून घरी आणला. मला निरोप येईस्तोवर राख गार झाली होती.

त्यातच कोणी सांगितलं, उस्ताद त्या टोळ्यांना लाठी शिकवून राहिला. कोणी म्हणे खाकीत बघितला, कोणी म्हणे न्हाई, तो तर घरातून बाहेर पडत न्हाई. खरं खोटं देवाला ठाऊक. मी मालकांना म्हणलं, आता ते नाव माझ्या घरात घ्यायचं न्हाई. ते म्हणाले, काहून, कुस्ती तर झाली होती ना. मी जेवण वाढलं न्हाई त्या दिवशी.

मग दिल्लीचं लष्कर आलं आन चार दिवसांत सगळं उलटं झालं. आता पळायची पाळी त्यांची आली, आन ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांची बी आली. आमच्या शेजारी बागवान होता, माझ्या लेकराला रोज पेरू द्यायचा, त्याचं घर जळालं. कोणी जाळलं ते मला ठाऊक आहे.

मी विहिरीवरून घागर घेऊन येत होते तर पारापाशी माणसं जमलेली, हातात कुऱ्हाडी, विळे. मधे एक माणूस बसवलेला, दाढी वाढलेली, बरगड्या दिसून राहिल्या, अंगावर फाटकी लुंगी. नांदेडच्या वाटेनं चालला होता, धरून आणला. कोणी म्हणे हा उस्ताद हाय. कोणी म्हणे चल रे, हे चिपाड कुठलं उस्ताद. पाटलानं मालकांना बोलावलं. ये ग्यानबा, डोळे बांधून वळखणार होतास ना, आता उघड्या डोळ्यांनी वळख. तो असंल तर इथंच सोक्षमोक्ष लावू.

मालक पुढं गेले, त्याचा हात हातात घेतला. लई वेळ धरला. मला मालकांची पाठ दिसत होती, ती पाठ मला ठाऊक, वझ्याखाली कशी होती ती, तशी झाली होती. मग हात सोडला आन हसले. अरे येडे का खुळे तुमी, उस्ताद म्हणजे काय हे बघितलंय का कधी, हा हात उस्तादाचा हाय व्हय, हा तर कुठला पिंजारी हाय, कापूस पिंजणारा. सोडा त्याला, हात घाण झाले माझे.

त्या माणसानं मान वर केली, मालकांकडं बघितलं आन परत खाली घातली.

पण लोकांचं समाधान होईना. एक जण म्हणाला, ह्याच्या बायकोनं ताक पाजलं होतं ना, तिला विचारा, तिचा भाऊ मारलाय त्यांनी, ती खोटं बोलायची न्हाई. बोल कौतिके. सगळे माझ्याकडं बघाय लागले. तेवढ्यात तो माणूस म्हणाला, बहन, पानी. आन ओंजळ पुढं केली.

मी घागर वाकवली. पाणी करंगळीपाशी गळून राहिलं.

काय सांगू तुम्हाला बाई. माझ्या डोळ्यापुढं किसनची बाज. एक शबूद बोलायचा होता, बस. हा त्यांच्यात होता का नव्हता, मला काय ठाऊक, मला एवढंच ठाऊक की ही ओंजळ मी भरली होती. तो पीत होता, माझ्याकडं बघत नव्हता, मालक बी बघत नव्हते. मी म्हणलं, उस्तादाच्या ओंजळीत तांब्याभर ताक मावायचं, ह्याच्या हातात पाणी सुदा टिकत न्हाई, बघा की.

लोकांनी दोन काठ्या हाणल्या आन सोडून दिला. तो गेला, मागं वळून बघितलं न्हाई.

आमचं खोटं एका गावापुरतं पुरलं. पुढच्या वाटेवर दुसऱ्यांनी अडवला. तिथं वळखणारं कोणी नव्हतं, पण आमच्या गावची बातमी पुढं गेली होती, त्याला विचारलं कोण तू, पिंजारी का. तर तो उठून उभा राहिला म्हणे, आन आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गुरूचं सांगितलं, सारा दख्खन मला वळखतो म्हणाला. मग काय राहिलं.

ही गोष्ट गावात आली तवा लोक मालकांवर हसाय लागले. हजार हातांत वळखणारा, आन हातात हात घेऊन वळखला न्हाई. म्हणजे तू खेळलाच न्हाईस रे, जत्रंत रेवड्या खाऊन आलास. मालक पोतं उचलून चालाय लागायचे. खेळलो होतो म्हणावं तर, मग वळखला कसा न्हाईस, हे यायचं पुढं. वळखला होता म्हणावं तर जीव जायचा. हसू दिलं. त्या दिवसापासून उस्तादाचं नाव मरेपर्यंत काढलं न्हाई त्यांनी.

मला एकटीला एकदाच म्हणाले, कौतिके, नुसतं न्हाई म्हणायला पायजे होतं मी. पिंजारी काहून म्हणलो. त्याला ते लागलं असंल. मी म्हणलं, तुमी जीव वाचवायला म्हणलात. ते म्हणाले, व्हय, पण पहिलवानाला काय माहीत. मग खांदा चोळत बसले, तो चढवलेला खांदा, दुखत नव्हता कधीच, सवय होती.

आता ते न्हाईत, पाटील न्हाई, हसणारे बी गेले. मारायला कोणी येत न्हाई आता मला. तुमची नातवंडं तिकडं दूर, सुखात राहोत, त्यांना कोणाला वळखण्याची अन् न वळखण्याची पाळी न येवो. तुमी लिवताय तर एवढं बराबर लिवा, की बाळापूरचा ग्यानबा हमाल हिंगोलीच्या आखाड्यात उस्तादासंग खेळला होता, आन हारला होता. मी बघितलंय.